पायांनी म्हणायचं गाणं

भिकुबाईच्या डोक्यावरून एक देवी वर्षातून एकदा नदीला जाते. श्रावणातला सोमवार, सकाळची वेळ, आणि घरापासून अरुणावतीच्या काठापर्यंत अर्धा कोस वाट. गाव तिला ओळखतं ते या अर्ध्या कोसासाठी. बाकीचं आयुष्य चार बायांसारखंच गेलं. कापूस वेचला, हरभरा उपटला, दोन मुलगे वाढवले, आणि लोटनआबा कधी बोलतील याची वाट पाहिली. लोटनआबा म्हणजे तिचे यजमान. ते दिवसातून चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन बैलांशी.

गाव शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, खण नेसवतात, आणि मग त्याला कोणी नारळ म्हणत नाही. भाऊबंद गोळा होतात. घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू मोजून दळतात, त्याचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. सोमवारी देवी परत निघते. घराण्यातली एक बाई तिला पाटासकट डोक्यावर घेते आणि पुढे चालू लागते. मागे वाजंत्री, त्यांच्यामागे गाणाऱ्या बाया, आणि बायांच्या मागे फुगड्या घालत सगळी आळी.

भिकुबाई लग्न होऊन आली तेव्हा हा मान सासूकडे होता. सासूचं नाव बेबाबाई. गुडघे थकल्यावर तिनं एका उन्हाळ्यात सुनेच्या डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि अंगणात चालायला लावलं. भिकुबाई भ्यायली. एकेक पाऊल जपून टाकू लागली. चार पावलांत पाठ भिजली.

"जो जपीसन चालस तो सांडस," सासू म्हणाली. "झपझप चाल."

हे शिकवणं डोक्यातून आत गेलं नाही, तळपायातून वर चढलं. हळू चाललं की अंग प्रत्येक पावलाला एकदा इकडे, एकदा तिकडे झुकतं आणि डोक्यावरचं डुलत राहतं. एक वेग मात्र असा असतो की तिथं पोचल्यावर शरीर स्वतःला विसरतं. मग डोक्यावर काय आहे हेही शरीराला कळत नाही आणि जे आहे ते स्थिर राहतं. भिकुबाईला तो वेग पावसाळा लागायच्या आत सापडला. पुढची बत्तीस वर्षं बँड तिच्या पावलांवर वाजला आणि गाणं बँडवर चाललं. देवी एकदाही कलली नाही.

तिची धाकटी सून मेघा धुळ्याला शाळेत शिकवते आणि व्हायोलिन वाजवते. यंदा माघात ती एका माणसाला गावी घेऊन आली. हितेंद्र. चाळिशीच्या आतला, बारीक, कपाळावर कायमची एक आठी. तो पुण्यात तीन वर्षं पाश्चात्त्य संगीत शिकून धुळ्याला परतला होता आणि खान्देशी गाण्यावर एक मोठी रचना लिहू पाहत होता. चाळीस वादक. व्हायोलिनं, बासऱ्या, आणि लग्नाच्या बँडमधली क्लॅरिओनेट-ट्रंपेटवाली माणसं.

"अक्का, कानबाईला निरोप देतानाचं गाणं म्हणाल का?" त्यानं विचारलं आणि फोन जमिनीवर ठेवला.

भिकुबाईनं आधी उठून दार लोटलं. मग भिंतीला टेकून बसली आणि अगदी खालच्या आवाजात, जशी झोपलेल्या लेकराच्या कानाशी आई गुणगुणते तसं, गाणं म्हणाली. शब्द साधे होते. वाटेत काटा नको, उन्हानं पाय भाजायला नको, पुढच्या श्रावणात ये. म्हणताना तिनं श्वास इतका दाबून धरला होता की वर चढणारा सूर पुरता वर पोचेना. गांधार अर्ध्या वाटेत थांबे आणि तिथूनच परत फिरे. हितेंद्रनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

आता, त्या घराण्यात कानबाईचं गाणं श्रावणाबाहेर मोकळ्या गळ्यानं म्हणत नाहीत. देवीला वाटतं बोलावणं आलं. ती उठते, निघते, येऊन दारात उभी राहते, आणि घरात ना दळण असतं ना रोट, पाटसुद्धा माळ्यावर. म्हणून अवेळी म्हणायचंच झालं तर तिला ऐकू जाणार नाही असं म्हणायचं. भिकुबाईनं हे हितेंद्रला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. हे सांगावं लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं. हे ज्याला माहीत नाही असा माणूस तिच्या ओट्यावर आजवर बसलाच नव्हता.

हितेंद्र धुळ्याला गेला आणि एक महिना लिहीत राहिला. पहिल्या पानाच्या माथ्यावर त्यानं लिहिलं: अतिविलंबित. पट्टी काळी तीन. खिन्न. रचनेला नाव दिलं 'निरोप'. त्या म्हाताऱ्या, दबलेल्या आवाजात त्याला आपल्या मुलखाचं सगळं दुःख सापडलं होतं. माणूस शोधायला निघतो ते त्याला बहुधा सापडतंच. ही काही चांगली गोष्ट नाही.

फाल्गुन लागला. कार्यक्रम होळीच्या आधीच्या शनिवारी ठरला. भाऊबंदांनी दोन जीपा सांगितल्या, कारण गाणं आपल्या घरातलं होतं आणि पत्रकावर भिकुबाईचं नाव छापलं होतं. चार दिवस उरले असताना मेघानं तालमीचा तुकडा लोटनआबांच्या फोनवर पाठवला. भिकुबाई ओट्यावर हरभरे निवडत होती. आबांनी फोन तिच्या सुपाजवळ ठेवला. फोनमधून एक लांबलचक, काळसर आवाज निघाला आणि थांबेचना.

"कोन मरी गयं व?" भिकुबाईनं विचारलं.

आबांनी त्या दिवसाचं तिसरं वाक्य खर्च केलं. "हाई तुनंच गानं शे."

तिनं पुन्हा ऐकलं. सुपातला हात थांबला. एकेक सूर तिला ओळखीचा वाटू लागला, जसा आजारातून उठलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू ओळखू येतो. मग तिचं तोंड उतरलं.

"रडीसन धाडतस का पाहुनीले?"

रडून पाठवलेली पाहुणी परत येत नाही, असं बेबाबाई म्हणायची. शनिवारी चारशे माणसांसमोर चाळीस वाद्यं देवीला रडून पाठवणार होती आणि गाणं भिकुबाईच्या तोंडून गेलेलं होतं. बत्तीस वर्षांत पाट कलला नव्हता. आता श्रावणात देवी आलीच नाही तर तो दोष कुणाच्या डोक्यावर? दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती धुळ्याला निघाली.

तालीम देवपुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालली होती. ती दारात उभी राहिली तेव्हा सगळ्यात आधी मगनचं लक्ष गेलं. मगन शिरपूरच्या बँडचा क्लॅरिओनेटवाला. बापाच्या मागून बँडमध्ये आला तेव्हापासून दर श्रावणात तिच्या पाठीमागे दहा पावलांवर वाजवत आलेला.

"भिकुअक्का! तू आठे कशी?"

"तू आठे काय करी राहिना?"

"वाजाडी राहिनू."

"काय वाजाडी राहिना?"

"माहीत नही. मास्तरनं लिखेल शे."

"मगन, सोमवारनं गानं शे ते."

मगननं समोरच्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. "हाई?" त्यानं तोंडातून वाद्य काढलं. ओठ हलवत मनातल्या मनात सूर भराभर म्हणून पाहिले. आणि कपाळावर हात मारला. "बत्तीस वरीस वाजाडं. वळखूच ऊनं नही!"

मागचे ट्रंपेटवाले हसले. हितेंद्र छडी खाली ठेवून पुढे आला, वाकून भिकुबाईच्या पाया पडला आणि म्हणाला, "अक्का, काही चुकलं का?"

"मास्तर, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," मगननं मध्येच तोंड घातलं. धुळ्यातल्या माणसांशी तो पुस्तकी बोले. "ही पट्टी आमची नाही. काळी तीनवर हे असले उतरलेले सूर, म्हणजे बोटांच्या गाठी व्हायची वेळ. आमची वाद्यं काळी पाचवर जन्मली. नदीवर आम्ही तिथंच वाजवतो आणि बायाही तिथंच म्हणतात."

"पण मी ऐकलंय ना स्वतः," हितेंद्र म्हणाला. "अक्कांनी समोर बसून म्हटलं. हा पाहा आवाज." त्यानं फोन काढला.

"हळू, भाऊ, हळू," भिकुबाईनं पदर फोनवर टाकला. "तवय माघ व्हता."

हितेंद्रला काही कळेना. मेघानं मात्र व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. "सर, चूक माझी. अवेळी कानबाईला मोठ्यानं हाक मारत नाहीत आमच्याकडे. म्हणून आई तशा म्हणाल्या. मला वाटलं, हे तुम्हाला माहीत असणार, आणि चाल तुम्ही मुद्दाम संथ केली असणार."

"म्हणजे खरं गाणं असं नाहीच?"

"हाई गानं बसीसन म्हनानं नही, भाऊ," भिकुबाई म्हणाली. "माय तिना घर जाई राहिनी. मसनात नही."

हितेंद्रच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. एक महिनाभर त्यानं बारा मिनिटांचं दुःख जपून रचलं होतं. एकट्या त्या दबलेल्या गांधारासाठी चार रात्री जागवल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "बरं. मग आता म्हणून दाखवा. मोकळ्या गळ्यानं."

"आते फागुन शे," भिकुबाई म्हणाली.

यावर चाळीसजण एकदम हसले, आणि हितेंद्र हसू की रडू अशा चेहऱ्यानं खुर्चीवर बसला. पेच साधा होता. गाणं जिच्याकडे होतं तिला ते म्हणता येत नव्हतं, आणि कार्यक्रमाला तीन दिवस उरले होते.

भिकुबाईनं हॉलभर नजर फिरवली. मधून एक मोकळी वाट होती, दारापासून मंचापर्यंत. "मेघा," ती म्हणाली, "तुना डबा आन."

मेघाचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आला. भिकुबाईनं पदराची चुंबळ केली, डबा डोक्यावर ठेवला आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. "वाजाडा तुमनं."

हितेंद्रनं छडी उचलली. काळसर, लांबलचक सूर निघाला. भिकुबाई त्या सुरावर चालू लागली. एक पाऊल. मग पुढच्या सुराची वाट. दुसरं पाऊल. डबा उजवीकडे कलला. तिसरं. डावीकडे. सहाव्या पावलाला कप्पे आपसात किणकिणले, आणि आठव्याला डबा धाडकन फरशीवर आला. कळण्याची भाकरी एका व्हायोलिनवाल्याच्या पायाशी गेली आणि वांग्याचं भरीत हितेंद्रच्या बुटावर.

"पडनी माय," भिकुबाई म्हणाली.

मगन हसून हसून खोकायला लागला. मेघानं भरीत पुसलं, रिकामा डबा परत लावला. "आते कोनी वाजाडू नका," भिकुबाई म्हणाली आणि पुन्हा दारातून निघाली. या वेळी फक्त पावलं. अनवाणी, झपझप, फरशीवर. उजवं पाऊल भरून पडे, डावं जरा आखूड, कारण डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता. त्यामुळे चालण्याला एक हेलकावा आला होता, पाळण्यासारखा. डबा मात्र जागच्या जागी. ती मंचापर्यंत आली, वळली, परत गेली, पुन्हा आली. ओठ घट्ट मिटलेले, जणू तोंडात कोणी बसलं आहे आणि त्याला बाहेर येऊ द्यायचं नाही.

हितेंद्रनं फोनवरचा ठोके मोजणारा काटा सुरू केला. त्याच्या कागदावर मिनिटाला छप्पन्न ठोके होते. भिकुबाईचे पाय एकशे आठ चालत होते.

"हा हेलकावा मुळातला, की गुडघ्यामुळे?" त्यानं मगनला हळूच विचारलं.

"मास्तर, तीस वर्षं सरळ होता. आता दोन वर्षं असा आहे. आता हाच मुळातला."

"अक्का, सूर वाजवले तर चालतील?" हितेंद्रनं ओरडून विचारलं. "शब्द नाहीत. नुसते सूर."

भिकुबाई चालता चालताच म्हणाली, "नाव लिधाबिगर कोन वळीसन पाहस?"

नाव घेतल्याशिवाय देवी वळणार नव्हती. एवढं पुरे होतं. मगननं वाद्य तोंडाला लावलं आणि काळी पाचवर गाणं सोडलं. दबून खाली राहिलेला तो गांधार वर चढला, आणि बंद खोलीची खिडकी कोणीतरी ढकलावी तसं झालं. मेघानं तारा बोटांनी छेडत पावलांची लय धरली. मग ट्रंपेटं आली. त्यांना पट्टी घरची होती, त्यांना कागद लागला नाही. व्हायोलिनवाले आधी चुकले, मग तिच्या पायांकडे पाहून वाजवू लागले, मग चुकले नाहीत. हितेंद्र छडी घेऊन उभा होता, पण कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपल्या टाचा उचलल्या जात आहेत.

शेवटी भिकुबाईनं डबा उतरवला. हितेंद्रनं पहिलं पान समोर घेतलं. अतिविलंबित खोडलं, एकशे आठ लिहिलं. काळी तीन खोडून काळी पाच. खिन्न या शब्दापाशी त्याची पेन्सिल थांबली.

"अक्का, सुरुवातीचं थोडं हळू राहू देऊ? अर्धं पानच." तो असं विचारत होता जसं कोणी विकलेल्या घरातली एक खुंटी मागावी.

भिकुबाईनं विचार केला. "ऱ्हाऊ दे. माय डोकावर लेतांना उठाले येळ लागस."

त्यानं तोही शब्द खोडला आणि त्या जागी लिहिलं: ओझं उचलून, मग हसत.

शनिवारी दोन जीपा धुळ्याला आल्या. पहिल्या रांगेत भिकुबाई, शेजारी पांढरी टोपी घातलेले लोटनआबा, पलीकडे थोरली जाऊ ताईबाई आणि भाऊबंदांतल्या वीसेक बाया. दिवे मंद झाले. आधी तो हळू भाग आला. ताईबाईनं भिकुबाईच्या कानात विचारलं, "हाई काय शे व?"

"ऊठी राहिनी ती. दम धर."

मग मेघाच्या तारा छेडल्या गेल्या, एक जड, एक हलकी, आणि मगनचा सूर वर गेला. रांगेतल्या बाया सावरून बसल्या. त्यांच्या चपला आपोआप पायांतून सुटल्या. मागे कोणीतरी टाळ्या धरल्या. लोटनआबांचा अंगठा गुडघ्यावर आपटू लागला. बैलांशी बोलतानाही आबा एवढे मोकळे होत नाहीत. पितळी वाद्यं एकामागून एक चढत गेली, गावातला रस्ता वळणावर उतरतो तसा सूर उतरला, आणि पुढे नदी दिसावी तसं शेवटचं कडवं समोर आलं.

भिकुबाईला नंतर विचारलं तर ती सांगते, मी तोंड उघडलं नाही, ते उघडलं. ती उभी राहिली आणि मोकळ्या, भरल्या, काळी पाचच्या गळ्यानं तिनं हाक मारली: "कानबाई माय!" पुढचे शब्द ताईबाईनं उचलले आणि त्यापुढचे वीस बायांनी. फाल्गुनात, छपराखाली, चारशे लोकांसमोर. हितेंद्रनं वळून पाहिलं आणि छडी वादकांकडून काढून बायांकडे धरली. तिची त्यांना गरज नव्हती.

टाळ्या संपेनात. मगन उभा राहून वाद्य डोक्यावर नाचवत होता. आणि भिकुबाईनं पदर तोंडावर घेतला होता.

"बलाई लिधं मी तिले," ती म्हणाली. "फागुनमा. मनीच चूक."

बायांचे चेहरे क्षणभर गंभीर झाले. तेव्हा लोटनआबांनी टोपी नीट केली.

"आते ऊनी ती," ते म्हणाले. "दळन काढ."

रविवारी सकाळी भिकुबाईच्या ओट्यावर गव्हाचं पोतं उघडलं गेलं. पाट माळ्यावरून खाली आला, नारळाला नथ चढली. भिकुबाई मुठी मोजू लागली. भाऊबंदांच्या झाल्या, तरी ती थांबेना.

"आते कोनना?" ताईबाईनं विचारलं.

"मगनना. मेघाना मास्तरना. व्हायोलिनवालासना."

"त्या बठ्ठा भाऊबंद कवयपासून?"

"उद्या तिले नदीवर पोचाडाले कोन येई राहिनं?" भिकुबाई म्हणाली. "पाठीमागे जो चालस तो भाऊबंद."

नियमात हे कुठंच नव्हतं. ताईबाई तोंडात बोट घालून बसली. मग तिनंही पोत्यात हात घातला, कारण एकटीच्या मुठींनी एवढं दळण सोमवारपर्यंत झालं नसतं. आत आबांचा फोन वाजत होता, पलीकडे हितेंद्र. त्याला विचारायचं होतं की व्हायोलिन चालत चालत कसं वाजवायचं. आबांची दोन वाक्यं सकाळी पाट उतरवतानाच संपली होती. त्यांनी फोन उचलला आणि उरलेली दोन सांगून टाकली, "पोरी, पोरं, बठ्ठासले लई ये. चपला नको."

मग फोन ठेवून ते गोठ्याकडे गेले. त्या दिवशी बैलांच्या वाट्याला काही आलं नाही.